फिरते घर: केर्न्स ते मकरवृत्त

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याचा केर्न्सपासून रॉकहॅम्प्टनपर्यंतचा किनारा उष्ण कटिबंधात मोडतो. रस्त्याने हे अंतर हजार किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. पूर्वेला कोरल समुद्र आणि त्यातली ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळरांग, पश्चिमेला ग्रेट डिव्हायडिंग रेंजचे डोंगर, आणि मधल्या सपाटीवर ऊस, केळी, आंबा व लहान लहान गावे. या सपाटीतून ब्रूस हायवे जातो. ब्रिस्बेन आणि केर्न्स यांना जोडणाऱ्या, सुमारे १,६८० किलोमीटर लांबीच्या या महामार्गाला १९३०च्या दशकात राज्याचे बांधकाममंत्री असलेल्या हेन्री ब्रूस यांचे नाव दिलेले आहे. झोपायची, स्वयंपाकाची आणि अंघोळीची सोय असलेली गाडी भाड्याने घेऊन मुलाबाळांसह या मार्गाने हिंडणे ही ऑस्ट्रेलियातली जुनी, रुळलेली सुट्टी आहे.

मराठी वाचकाला हा किनारा अक्षांशांवरून चटकन समजतो. विषुववृत्तावर नकाशा दुमडला, तर केर्न्सच्या उत्तरेचे केप ट्रिब्युलेशन मालवणच्या रेषेवर येते, केर्न्स रत्नागिरीच्या, टाऊन्सव्हिल मुंबईच्या, बोवेन डहाणूच्या आणि मकाय सुरतेच्या. फणस, आंबा, नारळ, दमट हवा आणि डोंगराला अडून कोसळणारा पाऊस हे सगळे दोन्हीकडे आहे. ऋतू मात्र उलटे. कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस असतो, तेव्हा केर्न्सला कोरडा आणि सुखद हिवाळा असतो. जुलैत दिवसाचे तापमान २६ अंशांच्या आसपास आणि रात्रीचे १७ पर्यंत उतरते. डिसेंबर ते मार्च हा तिथला पावसाळा, आणि चक्रीवादळांचा हंगामही याच सुमाराचा. म्हणजे भारतातल्या मे-जूनच्या शालेय सुट्टीचा शेवट या किनाऱ्याच्या चांगल्या ऋतूच्या सुरुवातीला जोडून येतो, तर दिवाळीच्या सुट्टीत हवा तापू लागलेली असते. ख्रिसमसच्या सुट्टीत हा प्रवास ठरवणे धाडसाचेच.

पावसाळ्यातला धोका नुसता भिजण्याचा नाही. किनाऱ्याला समांतर जाणारा मोठा रस्ता एकच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंगमजवळचा ओलेरा क्रीकवरचा पूल पुरात कोसळला, तेव्हा टाऊन्सव्हिल आणि इंगम यांच्यामधली वाहतूक तुटली. पर्याय होता तो डोंगरापलीकडून शेकडो किलोमीटरांच्या वळशाचा. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये जास्पर चक्रीवादळाच्या पावसाने केर्न्सच्या उत्तरेकडच्या रस्त्यांवर दरडी आणल्या. महामार्गाच्या सुधारणेसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये ७.२ अब्ज डॉलर जाहीर केले आहेत. ती कामे होईपर्यंत कुटुंबाने घ्यायची खबरदारी साधी आहे: पावसाळ्यात जायचेच असेल, तर परतीचे विमान शेवटच्या मुक्कामाला चिकटून ठेवू नये.

भाड्याच्या गाड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. टोयोटा हायएससारख्या व्हॅनचे छत उंच करून बनवलेली दोघांची कॅम्परव्हॅन, आणि फियाट डुकाटो किंवा मर्सिडीज स्प्रिंटरच्या सांगाड्यावर पूर्ण खोली बांधलेले चार ते सहा जणांचे मोटरहोम. लहान गाडीत शौचालय बहुधा नसते. मोठ्या गाडीत ते असते, शॉवर असतो, चालकाच्या डोक्यावरच्या भागात एक दुहेरी पलंग असतो, आणि मागच्या बाकांच्या गाद्या रात्री जुळवल्या की दुसरा तयार होतो. या जुळवाजुळवीला रोज थोडा वेळ आणि पुष्कळ सहकार्य लागते. ज्या कुटुंबात आजीआजोबा आहेत, त्यांनी शिडी चढून झोपायची जागा कोणाची हे गाडी घेण्याआधीच ठरवावे, आणि ज्येष्ठांसाठी कायम मांडलेला पलंग असलेली गाडी निवडावी.

गाडीच्या आत तीन प्रकारची ऊर्जा आणि तीन प्रकारचे पाणी असते. ही व्यवस्था समजली की निम्मे काम झाले. दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात. ती गाडी चालताना भरते आणि थांबलेल्या गाडीत जेमतेम एखादा दिवस पुरते. शेगडी गॅसच्या टाकीवर चालते. गाडी रस्त्यावर असताना आणि पेट्रोल पंपावर टाकी बंद ठेवायची. घराचा वातानुकूलक मात्र २४० व्होल्टच्या विजेशिवाय चालत नाही, आणि ती वीज कॅराव्हान पार्कातल्या खांबाला तार जोडली की मिळते. या तारेचा प्लग १५ अँपिअरचा, भूसंपर्काची पट्टी रुंद असलेला असतो. घरगुती १० अँपिअरच्या बोर्डात तो शिरत नाही. जुलैत वातानुकूलकाची गरज भासत नाही, म्हणून एखादी रात्र विजेविना काढता येते. फेब्रुवारीत पत्र्याच्या त्या खोलीत लहान मुलाला झोप लागणे अशक्य असते.

पाण्याचे हिशेब रोजचे असतात. पिण्याजोगे पाणी एका टाकीत, भांडी आणि अंघोळीचे सांडपाणी दुसऱ्या टाकीत, आणि शौचालयातले मलपाणी एका बंद डब्यात. हा डबा गाडीच्या बाहेरच्या दारातून ओढून काढता येतो. चारजणांच्या कुटुंबात तो दोन-तीन दिवसांत भरतो आणि तो फक्त ठरवून दिलेल्या ‘डंप पॉइंट’वर रिकामा करायचा असतो. भारतीय कुटुंबांना सुरुवातीला सर्वांत अवघड वाटणारे काम हेच. हातमोजे घालून, डबा रिकामा करून, धुऊन, त्यात पुन्हा रसायन टाकून जागेवर बसवायला दहा मिनिटे लागतात, आणि ते काम आळीपाळीने सगळ्या मोठ्यांनी करावे हेच न्याय्य आहे. रात्री तरी शौचालय पार्काचे वापरले की डबा जास्त दिवस टिकतो.

इथे या सुट्टीचा खरा आधार दिसतो. असे घर कितीही सुसज्ज असले, तरी दर दोन दिवसांनी त्याला कोणाची तरी जमीन, कोणाचा तरी नळ आणि कोणाचे तरी गटार लागते. क्वीन्सलँडच्या गावोगावच्या कौन्सिलांनी ते पुरवलेले आहे. लहान गावांच्या प्रदर्शन मैदानाशेजारी किंवा उद्यानाच्या कडेला डंप पॉइंट असतो, पिण्याच्या पाण्याचा नळ असतो, सार्वजनिक बागेत विजेवर चालणाऱ्या तव्यासारख्या शेगड्या असतात आणि त्यांचा वापर बहुतेक ठिकाणी विनामूल्य असतो. ‘कॅम्परव्हॅन अँड मोटरहोम क्लब ऑफ ऑस्ट्रेलिया’ ही १९८६ मध्ये सुरू झालेली संघटना अशा सोयी देणाऱ्या गावांना ‘आरव्ही फ्रेंडली टाउन’ अशी मान्यता देते, आणि गावे ती कमानीवर मिरवतात. कारण सरळ आहे. निवृत्तीनंतर घरदार बंद करून महिनोन्‌महिने देशभर फिरणारे ‘ग्रे नोमॅड’ हजारोंच्या संख्येने हिवाळ्यात उत्तरेकडे येतात. गाडी थांबली की दूध, डिझेल आणि औषधे त्याच गावात विकत घेतली जातात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले. कोकणात त्याला जीव यायचा असेल, तर गाड्यांआधी मलपाणी रिकामे करायच्या जागा आणि स्वच्छ नळ लागतील, हे क्वीन्सलँडकडे पाहून निःशंकपणे म्हणता येते.

मुक्कामाच्या जागा तीन प्रकारच्या. पहिली आणि कुटुंबांसाठी सर्वांत सोयीची म्हणजे कॅराव्हान पार्क. आखलेली जागा, विजेचा खांब, नळ, स्वच्छतागृहे, धुलाईयंत्रे, सामायिक स्वयंपाकघर आणि जलतरण तलाव. मोठ्या पार्कांत ‘जंपिंग पिलो’ नावाची, जमिनीत बसवलेली हवेची प्रचंड उशी असते आणि संध्याकाळी पार्कातली सगळी मुले तिच्यावर सापडतात. दुपारी दोनच्या सुमारास जागा मिळते आणि सकाळी दहाला सोडावी लागते, त्यामुळे दिवसाची आखणी आपोआप होते. जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत क्वीन्सलँडच्या शाळांना सुट्टी असते. त्या काळात किनाऱ्यालगतचे पार्क काही महिने आधीच भरतात. दुसरी जागा राष्ट्रीय उद्यानांतली. तिथे वीज नसते, कचरा परत न्यायचा असतो आणि परवाना ऑनलाइन काढूनच जावे लागते. दारात पैसे घेणारे कोणी नसते. तिसरी, महामार्गालगतचे विश्रांतिथांबे. त्यांपैकी काही ठिकाणी रात्र काढता येते, काही ठिकाणी नाही, आणि फलकावर लिहिलेले असते तेच खरे. शहरात रस्त्याकडेला गाडीत झोपल्यास कौन्सिल दंड करते.

कायद्याच्या बाजूला भारतीयांना एक मोठी सवलत आहे: वाहने डावीकडूनच चालतात. साधारण साडेचार टनांपर्यंतचे मोटरहोम मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. इंग्रजी मजकूर असलेला भारतीय परवाना पर्यटकाला चालतो, तरी आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असलेला बरा. खरी कडक बाब सुरक्षापट्ट्यांची आहे. सात वर्षांखालील मुलांना मान्यताप्राप्त आसनच लागते, आणि मोटरहोममध्ये ते बसवण्याच्या जागा मोजक्या असतात. गाडी सहाजणांची असली म्हणजे तीन लहानग्यांची आसने बसतीलच असे नाही. चालत्या गाडीत पलंगावर लोळणे, ओट्याशी उभे राहणे, मागे जाऊन पाणी आणणे हे सारे बेकायदा आणि अत्यंत धोकादायक. रस्त्यांवर फोन आणि पट्टा टिपणारे कॅमेरे आहेत, हातात फोन आढळला तर दंड हजार डॉलरांच्या वर जातो, आणि प्रवाशाने पट्टा लावला नसेल तर दंड चालकालाही होतो.

बाकी सवयी दोन दिवसांत अंगवळणी पडतात. गाडी सव्वातीन मीटर उंच आहे याची चिठ्ठी काचेवर चिकटवावी, म्हणजे दुकानाच्या वाहनतळाच्या छताखाली ती जात नाही. मागे घेताना एकाने उतरून उभे राहावे. मागे गाड्यांची रांग लागली तर पुढच्या जास्तीच्या मार्गिकेत डावीकडे राहून ती जाऊ द्यावी. अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचावे. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो, जूनमध्ये केर्न्सला सहाच्या आतच सूर्य मावळतो, आणि कांगारू व वॉलबी रस्त्यावर येण्याची वेळ तीच. बऱ्याच भाडेकरारांत डांबर नसलेले रस्ते वर्ज्य असतात आणि तिथे झालेले नुकसान विम्यात धरत नाहीत. सुटताना ठेवून घेतलेली अनामत हजारो डॉलरांची असू शकते, हे लक्षात घेऊन करार सावकाश वाचावा.

स्वयंपाक हा मराठी कुटुंबाच्या दृष्टीने या सुट्टीचा मोठाच लाभ. दोन-तीन बर्नरच्या शेगडीवर कुकर लागतो, खिचडी होते, पोळ्याही होतात; फक्त फोडणी खिडकी आणि छताचा झरोका उघडून द्यावी, नाहीतर रात्री गाद्यांना वास राहतो. भारतातून काय न्यायचे याला मर्यादा आहेत. ऑस्ट्रेलियाची जैवसुरक्षा अत्यंत कडक आहे. प्रवेशाच्या अर्जावर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. पेढे, बर्फी, गुलाबजाम असे दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, कारण भारतात गुरांचा लाळ्याखुरकुत रोग आहे. बिया आणि ताजी फळे यांवरही बंदी. तांदूळ, डाळी आणि मसाले केर्न्सच्या दुकानांत मिळतात, तेव्हा घरून गोडा मसाला तेवढा सीलबंद न्यावा आणि तोही जाहीर करावा.

केर्न्समध्ये गाडी ताब्यात घेतल्यावर बहुतेक जण आधी उत्तरेला जातात. कॅप्टन कुक हायवे एलिस बीचपासून पोर्ट डग्लसकडे समुद्राला अगदी खेटून धावतो. पुढे डेंट्री नदीवर पूल नाही. तारेवर ओढली जाणारी फेरीबोट मोटरहोमसह सगळ्यांना काही मिनिटांत पलीकडे नेते. पलीकडे सार्वजनिक विजेचे जाळे पोहोचलेले नाही, घरे सौर ऊर्जेवर किंवा जनित्रावर चालतात. डेंट्रीचे वर्षावन जगातल्या अतिप्राचीन वर्षावनांत गणले जाते. ‘वेट ट्रॉपिक्स’ या नावाने हा पट्टा १९८८ पासून जागतिक वारशात आहे, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये डेंट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी ईस्टर्न कुकू यलंजी या मूळ रहिवासी समाजाला परत देण्यात आली. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचे जहाज जून १७७० मध्ये याच भागातल्या प्रवाळावर आदळले. आपल्या संकटांची सुरुवात इथे झाली म्हणून त्याने भूशिराला केप ट्रिब्युलेशन हे नाव दिले. वर्षावन आणि प्रवाळ ही दोन जागतिक वारसाक्षेत्रे इथे एका पुळणीवर भेटतात. डांबरी रस्ता इथेच संपतो, आणि भाड्याच्या मोटरहोमची हद्दही.

प्रवाळ पाहायला गाडी ठेवून बोट धरावी लागते. केर्न्स किंवा पोर्ट डग्लसहून बाहेरच्या रांगेपर्यंत दीड तासाच्या आसपास लागतो. सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची ही रचना म्हणजे एक भिंत नसून जवळजवळ २,९०० स्वतंत्र प्रवाळखडकांचा समूह आहे. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा जास्त दिवस तापून राहिले की प्रवाळ आपल्या अंगातली शैवले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. अशी मोठी विरंजने २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये झाली. तरी अजून पाहण्यासारखे खूप आहे, आणि मुलांना ते दाखवायला नेणे योग्यच आहे. प्रत्येक पर्यटकाकडून घेतले जाणारे पर्यावरण शुल्क सागरी उद्यानाच्या देखभालीला जाते.

केर्न्सच्या दक्षिणेला लागणारा पहिला दीडशे किलोमीटरांचा टप्पा या प्रवासातला सर्वांत समृद्ध. बाबिंडा, इनिसफेल आणि टली ही गावे ऑस्ट्रेलियातली सर्वाधिक पावसाची. समुद्रावरून येणारे आग्नेय वारे बेलेंडन कर आणि बार्टल फ्रिअर या शिखरांना अडतात. बार्टल फ्रिअर हे १,६०० मीटरांहून उंच शिखर क्वीन्सलँडमधले सर्वोच्च आहे. सह्याद्री जे काम आंबोली-महाबळेश्वरात करतो, तेच हे डोंगर इथे करतात. टलीत वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १९५० मध्ये तो ७,९०० मिलिमीटर झाला, आणि त्या विक्रमाची आठवण म्हणून गावात तेवढ्याच, म्हणजे ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा केलेला आहे. मुले आतल्या जिन्याने वर जातात. जुलैतही या पट्ट्यात रिमझिम लागू शकते, तेव्हा कपडे वाळवायला दोऱ्या आणि चिमटे बरोबर असावेत.

ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक केळ्यांचे उत्पादन इथेच होते. मार्च २००६ मधल्या लॅरी चक्रीवादळाने आणि फेब्रुवारी २०११ मधल्या यासीने बागा झोपवल्या, तेव्हा देशभर केळ्यांचे भाव कित्येक पटींनी चढले. टलीजवळ २०१५ मध्ये केळीच्या मुळांवरचा पनामा रोग सापडला. तो मातीतून पसरतो, म्हणून बागांच्या दारात ‘आत येऊ नये’ असे फलक आहेत. पर्यटकाच्या चपलेला चिकटलेला चिखल एका शेतकऱ्याचा संसार बुडवू शकतो. केळी हवीत तर रस्त्याकडेच्या मांडवात घडापाशी पैशांची पेटी ठेवलेली असते, तिच्यात पैसे टाकून घ्यावीत.

मिशन बीचच्या आसपास रस्त्यावर कॅसोवरीचे फलक लागतात. माणसाएवढा उंच, न उडणारा, निळ्या मानेचा हा पक्षी वर्षावनाचा माळी आहे: मोठी फळे तो अखंड गिळतो आणि बिया दूरवर टाकतो, इतक्या मोठ्या बिया वाहून नेणारे दुसरे प्राणी तिथे जवळजवळ नाहीत. अंडी उबवण्याचे आणि पिल्ले वाढवण्याचे काम बापाकडे असते. त्याला खाऊ घालणे गुन्हा आहे, आणि त्यामागचे कारण दंडापेक्षा मोठे आहे. गाड्यांतून अन्न मिळते हे शिकलेला कॅसोवरी रस्त्यावर येतो आणि मरतो. समोर आला तर पाठ न दाखवता, मुलांना मागे घेऊन, हळूहळू मागे सरावे.

पुढे कार्डवेलला महामार्ग थेट समुद्रकाठी येतो, समोर हिंचिनब्रुक बेटाचे सुळके दिसतात, आणि पाण्यात उतरायचा मोह होतो. या किनाऱ्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे सांगायला हवी. जानेवारी १९५५ मध्ये कार्डवेलच्या उथळ पाण्यात एक पाच वर्षांचा मुलगा दंश होऊन काही मिनिटांत दगावला. केर्न्सचे डॉक्टर ह्यूगो फ्लेकर यांनी त्या जागी जाळी लावायला सांगितली, आणि सापडलेल्या जेलीफिशांत एक विज्ञानाला अज्ञात असलेली पेटीसारखी जात निघाली. तिला फ्लेकर यांचेच नाव मिळाले: कायरोनेक्स फ्लेकरी. त्याआधी १९५२ मध्ये फ्लेकर यांनीच दुसऱ्या एका गूढ दुखण्याला केर्न्सच्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांवरून इरुकांजी हे नाव दिले होते. दंश किरकोळ, पण थोड्या वेळाने असह्य पाठदुखी, घाम आणि चढलेला रक्तदाब. त्याचे कारण शोधताना डॉक्टर जॅक बार्न्स यांना १९६१ मध्ये नखाएवढी जेलीफिश मिळाली. खात्री करण्यासाठी त्यांनी तिचा दंश स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका तरुण जीवरक्षकाला करवून घेतला. तिघांनाही रुग्णालयात न्यावे लागले, तिघेही बरे झाले.

म्हणून नोव्हेंबर ते मे या काळात इथे उघड्या समुद्रात पोहत नाहीत. गावांच्या पुळणींवर जाळ्यांचे कुंपण घालतात. पेटी जेलीफिश त्यात अडते, इरुकांजी मात्र निसटू शकते, म्हणून अंगभर सूट घालतात. पुळणीवरच्या खांबांत व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. न फुटलेल्या दंशपेशी व्हिनेगरने निकामी होतात. दंशावर निदान अर्धा मिनिट ते ओतत राहावे, चोळू नये, आणि ०००वर फोन करावा. मगरीला मात्र ऋतू नाही. शिकारीवर १९७४ मध्ये बंदी आल्यापासून खाऱ्या पाण्यातल्या मगरींची संख्या सावरली आहे. खाडी, नदीमुख, बोट उतरवायची जागा इथे पाण्याच्या काठापासून पाच मीटर दूर राहावे, मुक्काम पाण्यापासून पन्नास मीटरांवर आणि भरतीरेषेहून दोन मीटर उंचावर करावा, आणि मासे साफ केलेली घाण तिथे टाकू नये. मुलांना हे भीती घालून नव्हे, समजावून सांगावे. ती मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात. पोहण्याची हौस मात्र भागते. केर्न्सच्या एस्प्लनेडवर २००३ पासून समुद्राच्या पाण्याचा मोठा सार्वजनिक तलाव आहे, तसेच तलाव टाऊन्सव्हिलच्या स्ट्रँडवर आणि एअर्ली बीचवरही आहेत, आणि तिन्ही विनामूल्य आहेत.

टाऊन्सव्हिलला देखावा एकदम पालटतो. इथला किनारा वाऱ्याच्या दिशेला जवळपास समांतर असल्याने ढग अडत नाहीत, आणि टलीहून दोनशे किलोमीटरांवर पाऊस हजार-अकराशे मिलिमीटरांवर येतो. गवत पिवळे, झाडे निलगिरीची. समोरच्या मॅग्नेटिक बेटावर गाडी न नेता बोटीने जावे. पायवाटेवर कोआला दिसण्याची चांगली शक्यता तिथेच आहे.

एअर आणि होम हिल यांच्यामध्ये बर्डेकिन नदीवर १९५७ चा, अकराशे मीटरांचा पोलादी पूल आहे. दोन्ही तीरांवर ऊस. जून ते नोव्हेंबर गाळप चालते, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांना ओळखीचा वास हवेत असतो. फक्त ट्रॅक्टरच्या जागी दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणाऱ्या उसाच्या आगगाड्या. त्या महामार्ग ओलांडतात, डब्यांची रांग शेकडो मीटर लांब असते, आणि लाल दिवा लुकलुकला की थांबायचेच. या शेतीचा पाया ज्यांच्या श्रमांवर उभा राहिला, त्यांची नोंद पर्यटनपत्रकांत क्वचितच असते: १८६३ ते १९०४ या काळात सुमारे ६२,००० पॅसिफिक बेटवासी करारावर, पुष्कळदा फसवून किंवा पळवून, क्वीन्सलँडला आणले गेले. त्यांचे वंशज मकाय परिसरात आजही मोठ्या संख्येने आहेत.

बोवेनला महामार्गाकडेला दहा मीटर उंचीचा आंबा उभा आहे. ऑस्ट्रेलियाचा सर्वांत लोकप्रिय आंबा, केन्सिंग्टन प्राइड, याच गावचा, आणि त्याचे मूळ भारतीय मानले जाते. ब्रिटिश फौजेसाठी ऑस्ट्रेलियातून भारतात घोडे पाठवले जात. परतीच्या जहाजांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोयी आल्या असाव्यात, असे सांगतात. फळ पिकते नोव्हेंबरनंतर, त्यामुळे हिवाळ्यातल्या पाहुण्याला गोठवलेल्या रसाचे सरबत तेवढे मिळते. हापूस खाल्लेल्याला त्याची चव परकी वाटत नाही.

एअर्ली बीच हे व्हिटसंडे बेटांचे दार. चौऱ्याहत्तर बेटांचा हा समूह आहे, आणि व्हाइटहेवनची सात किलोमीटरांची पुळण जवळपास शुद्ध सिलिकाच्या वाळूची आहे. इथे निदान तीन रात्री द्याव्यात. त्यापुढे मकायच्या अलीकडे केप हिल्सबरोला वळावे. पहाटे इथल्या वाळूवर वॉलबी आणि कांगारू भरतीने आणलेल्या खारफुटीच्या शेंगा खायला येतात. लांब उभे राहून पाहावे. मकायमागच्या डोंगरात युंगेला राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या ब्रोकन रिव्हरच्या डोहात सकाळ-संध्याकाळ, शांत बसले तर, प्लॅटिपस दिसतो. घाट चढा आणि वळणांचा आहे, मोटरहोम सावकाश न्यावे.

मकाय ते रॉकहॅम्प्टन हा ३३५ किलोमीटरांचा टप्पा सर्वांत एकसुरी, आणि म्हणूनच डुलकीचा धोका इथे जास्त. सरकारने त्यावर सुरेख उपाय केला आहे. रस्त्याकडेला प्रश्नांचे फलक आहेत: राज्याचे फूल कोणते, सर्वांत उंच शिखर कोणते. काही किलोमीटरांनंतर उत्तर येते. मागच्या बाकावरची मुले जागी राहतात आणि चालकही. सुट्ट्यांत काही थांब्यांवर स्वयंसेवक चहा-कॉफी मोफत देतात. हा पल्ला कोणत्याही कुटुंबाने एका दमात मारू नये. दर दोन तासांनी थांबावे. एकूणच दिवसाला दोनशे किलोमीटर ही मर्यादा पाळली आणि तीन ठिकाणी दोन-तीन रात्री काढल्या, तर या किनाऱ्याला दोन आठवडे लागतात. आठवड्यात उरकणाऱ्यांनी टाऊन्सव्हिललाच थांबावे.

रॉकहॅम्प्टनच्या दक्षिण वेशीवर मकरवृत्ताचा खांब आहे. पृथ्वीच्या आसाचा कल सूक्ष्म बदलत असल्याने खरे वृत्त वर्षाला सुमारे १५ मीटर विषुववृत्ताकडे सरकते; खांब मात्र जागेवरच आहे. उष्ण किनारा इथे संपतो, पण गाडी परत करण्याचे मोठे आगार ब्रिस्बेनला, आणखी सव्वासहाशे किलोमीटरांवर आहे. परत देताना टाक्या रिकाम्या, डबा धुतलेला, डिझेल भरलेले आणि भांडी मोजून ठेवलेली असावीत. प्रत्येक त्रुटीचे पैसे अनामतीतून कापतात. केर्न्सला घेऊन ब्रिस्बेनला सोडण्याचे वेगळे शुल्कही असते. उलट, एका टोकाला साचलेल्या गाड्या दुसऱ्या टोकाला पोहोचवण्यासाठी कंपन्या त्या दिवसाला एक डॉलर अशा नाममात्र भाड्यानेही देतात. त्यात मुदत थोड्या दिवसांची असते आणि रोज चारशे किलोमीटरांच्या पुढे चालवावे लागते. लहान मुले बरोबर असलेल्यांनी तो सौदा घेऊ नये.